सैल गाठ, पक्का कागद

पेशवाईच्या काळात पुण्याच्या सराफाने लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटायची. या दोन पेढ्यांच्या चोपड्या एकसारख्या असण्याची गरज नव्हती. पुण्याचा कारकून मोडीत रोजमेळ लिही, काशीचा मुनीम त्याच्या लिपीत. एकाची खतावणी कशी मांडलेली, तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला, दिवसाअखेर जमाखर्चाचा मेळ कोण घालतो, यातले काहीही दुसऱ्याला ठाऊक नसे. ठाऊक करून घेण्याचे कारणही नव्हते. हुंडी कशी लिहायची आणि तिच्यातल्या कोणत्या शब्दाचा अर्थ काय, एवढेच दोघांमध्ये ठरलेले होते. कोणी लिहिली, कोणावर लिहिली, पैसे कोणी ठेवले, कोणाला द्यायचे, किती द्यायचे, केव्हा द्यायचे. दर्शनी असेल तर दाखवताक्षणी, मुदती असेल तर लिहिलेले दिवस भरल्यावर.

तो कागद फार विचाराने घडवलेला होता. रक्कम लिहून झाली की तिचा निम्मा आकडा आणि त्याची दुप्पट, असे पुन्हा लिहिण्याची रीत होती; एका आकड्यात कोणी फेरफार केलाच, तर दुसरा आकडा तो उघडा पाडी. रुपया कोणता तेही लिहावे लागे, कारण अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. पेठ ही मूळ हुंडीच्या बदल्यात आहे हे तिच्यावरच लिहिलेले असल्यामुळे सगळे कागद उशिराने काशीला पोचले तरी पैसे एकदाच दिले जात.

या प्रकरणाचा विषय संगणकांमधली कागदपत्रांची देवघेव आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक अडचणींची ओळख त्या एका हुंडीत होते. दोन यंत्रणा एकमेकींना किती बांधलेल्या आहेत हे मोजायचे असेल तर एक साधा प्रश्न विचारावा: एकीच्या आत बदल केला तर दुसरीत किती बदल करावा लागतो? बराच करावा लागत असेल तर गाठ घट्ट. काहीच करावा लागत नसेल तर गाठ सैल. सैल जोडणी असूनही दोघी एकमेकींचे म्हणणे नीट समजून काम करत असतील, तर त्या क्षमतेला इंटरऑपरेबिलिटी म्हणतात. गाठ सैल ठेवायची आणि समज मात्र पक्की, या दोन गोष्टी एकदम साधणे अवघड असते. गेल्या पन्नासेक वर्षांत ते कसे साधले आणि कुठे फसले, ते पाहू.

सुरुवात १९६९ सालची, अमेरिकेतल्या केंब्रिजची. आयबीएमच्या तिथल्या केंद्रात चार्ल्स गोल्डफार्ब हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ वकिलांच्या कार्यालयांसाठी संगणकीय व्यवस्था उभारत होते. त्यांच्याजवळ तीन प्रकारचे प्रोग्राम होते: मजकूर लिहून दुरुस्त करणारा, साठ्यातून शोधून देणारा आणि छपाईसाठी पान लावणारा. तिघांची खुणांची भाषा निराळी, त्यामुळे एकाचा कागद दुसऱ्याला वाचता येईना. गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी यावर जो उपाय काढला त्याचे नाव जीएमएल. ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. मजकुरात ‘ही ओळ ठळक छाप’ असा हुकूम लिहायचा नाही, ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’ अशी खूण करायची. शीर्षकाचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. छापणारा ते मोठ्या अक्षरात छापेल, शोधणारा त्याची सूची करेल. या खुणा म्हणजे टॅग. मला हा विचार साध्या वेशात आलेला फार मोठा विचार वाटतो. हुकूम लिहिला की वाचणाऱ्याच्या यंत्राशी तो कागद बांधला जातो. वर्णन लिहिले की तो मोकळा राहतो.

जीएमएलमधून पुढे एसजीएमएल आले आणि १९८६ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. ते समर्थ होते, पण अवाढव्य होते. त्याचे सुटसुटीत रूप म्हणजे एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ते १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केले. टॅग कोणते असावेत हे एक्सएमएल सांगत नाही. टॅग कसा उघडायचा, कसा बंद करायचा, एकात एक कसे बसवायचे, एवढेच ते सांगते. म्हणजे व्याकरण त्याचे, शब्द आपले. शब्द मराठीही चालतात:

<रक्कम चलन="रुपये">५०००</रक्कम>

ही ओळ एक्सएमएलच्या व्याकरणात पूर्ण शुद्ध आहे. जगातला कोणताही प्रामाणिक एक्सएमएल वाचक ती न अडखळता वाचेल. मात्र ती एखाद्या बँकेच्या यंत्रणेकडे पाठवली तर ती परत येईल, कारण ‘रक्कम’ हा शब्द त्या दोघांत ठरलेला नाही. शिवाय एक्सएमएलसाठी आकड्यांचे जे प्रकार ठरवलेले आहेत, त्यांत देवनागरी अंक संख्या म्हणून धरले जात नाहीत. तिथे ५००० हा नुसता मजकूर ठरतो. व्याकरण जुळले म्हणजे बोलणे जुळले असे होत नाही, हे या एका ओळीत दिसते.

मराठी वाचकांना कागद यंत्राशी बांधला जाण्याचा अनुभव चांगलाच आहे. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपली मासिके, दिवाळी अंक, पुस्तके संगणकावर जुळवली गेली ती ज्या फॉन्टमध्ये, त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेले असे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. पडद्यावर मराठी दिसे ते केवळ तो फॉन्ट हजर असल्यामुळे. दुसऱ्या गावच्या छापखान्यात तो फॉन्ट नसला की अख्ख्या कादंबरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये न्यायचा तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा बदलतक्ता लागे. कितीतरी लेखकांचे त्या काळातले लेखन आजही अशा फाइलींमध्ये अडकून पडले आहे. एक्सएमएलने इथे फार नेमकी अट घातली: प्रत्येक एक्सएमएल वाचकाला युनिकोडची यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ ही दोन रूपे वाचता आलीच पाहिजेत. अक्षर कोणते आहे हे कागदातच ठरले, ते कसे दिसावे हे फॉन्टवर सोपवले.

तरीही चोरवाटा उरतातच. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या वेगळ्या अक्षरापासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेणाऱ्या साध्या प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका यंत्रणेने पहिला प्रकार वापरला आणि दुसरीने दुसरा, तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होऊ शकतात.

आता शब्दसंग्रहाकडे येऊ, कारण सैल जोडणीचा खरा कस तिथे लागतो. आज ठरलेले टॅग उद्या पुरत नाहीत. १९९३ साली मोझेक या ब्राउझरने वेबच्या पानात चित्र बसवण्यासाठी नवा टॅग आणला. जुन्या ब्राउझरना तो ठाऊक नव्हता. ते तिथेच बंद पडले असते तर नवा टॅग वापरण्याचे धाडस कोणी केले नसते. ते बंद पडले नाहीत. अनोळखी टॅग त्यांनी वगळला आणि बाकीचे पान दाखवले. वेबच्या पानांसाठीच्या १९९५ च्या एचटीएमएल २.० या मानकात हा नियमच लिहिला गेला: जो टॅग माहीत नाही तो नाही असे समजून पुढे जावे. जुने आणि नवे शेजारी शेजारी चालू राहिले, सगळ्या जगाने एकाच दिवशी बदल करण्याची वेळ आली नाही. वेब इतकी वाढली त्यात या साध्या नियमाचा वाटा मोठा आहे.

याच्याही आधी, १९८० साली, इंटरनेटच्या जडणघडणीत अग्रणी असलेल्या जॉन पोस्टेल यांनी एक सल्ला दिला होता: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. हा सल्ला पुढे मंत्रासारखा म्हटला गेला. पण वेबवर उदारपणा एका निराळ्या जागी शिरला. टॅग बंद करायचा राहिला, एकात एक चुकीचे बसले, तरी ब्राउझर अंदाजाने सावरून घेऊ लागले, आणि प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा. लिहिणाऱ्यांना आपली चूक कळेचना, कारण पान तर दिसत होते. कोट्यवधी पाने अशी बिघडली. अखेर २०१४ साली पूर्ण झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये चुकीचे लेखन नेमके कसे सावरायचे हेसुद्धा पायरीपायरीने लिहून ठेवावे लागले. २०२३ साली इंटरनेटच्या मानकांच्या मंडळींनी पोस्टेल यांच्या सल्ल्याचे दुष्परिणाम सांगणारे टिपणही प्रसिद्ध केले.

एक्सएमएल घडवणाऱ्यांनी हा धडा आधीच घेतला होता. व्याकरणाची एक चूक दिसली की वाचकाने थांबावे, अंदाज करू नये, असा त्यांचा कडक नियम आहे. अनेकांना तो तेव्हा निर्दयी वाटला. माझ्या मते तो योग्य आहे, आणि एचटीएमएलच्या वगळण्याच्या नियमाशी त्याचा काही झगडा नाही. व्याकरणात कडक राहायचे आणि शब्दसंग्रहात उदार. मुनिमाने खाडाखोड केलेली हुंडी परत पाठवावी. पण नेहमीच्या मजकुराखाली कोणी क्षेमकुशलाची एक ओळ जास्तीची लिहिली असेल, तर तेवढ्यासाठी पैसे अडवू नयेत.

अर्थात जास्तीची ओळ क्षेमकुशलाचीच असेल असे नाही. ती ‘माझा निरोप येईपर्यंत पैसे देऊ नये’ अशी असली तर? ती वगळणे म्हणजे अनर्थ. म्हणून २००० च्या सुमारास आलेल्या सोप या एक्सएमएल संदेशपद्धतीत एक चांगली सोय केली गेली. पाठवणारा एखाद्या शीर्षभागावर ‘हे समजलेच पाहिजे’ अशी खूण करू शकतो. ज्याला तो भाग समजत नाही, त्याने तो वगळायचा नाही, संपूर्ण संदेशच नाकारायचा. कोणता शब्द वगळला तर चालेल आणि कोणता नाही हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते, तेव्हा ते त्यानेच कागदावर सांगावे.

दुर्दैवाने सोपची दुसरी बाजू तितकी चांगली नव्हती. त्या काळी प्रोग्रामरांना एक मोह पडला: आपल्या प्रोग्राममधली रचना, तिचे वर्ग, तिच्या याद्या, जशाच्या तशा एक्सएमएलमध्ये ओतायच्या आणि पलीकडे पाठवायच्या. साधने हे काम आपोआप करून देत, त्यामुळे कागद कसा असावा याचा विचार करायला कोणी बसेना. परिणाम असा की पलीकडच्याला इकडची चोपडीच वाचावी लागे. एका बाजूने आतल्या एका नावात बदल केला की दुसरी बाजू कोसळे. बाहेरून पाहता सगळे एक्सएमएल होते, आतून गाठ पूर्वीइतकीच घट्ट होती. वेगवेगळ्या कंपन्यांची साधने एकमेकांशी जुळावीत म्हणून स्थापन झालेल्या डब्ल्यूएस-आय या संस्थेला आपल्या पहिल्याच नियमावलीत अशा ओतकामाच्या पद्धतीला मनाई करावी लागली. एक्सएमएल वापरले म्हणजे जोडणी सैल झाली, हा समज आजही कानावर येतो. तो चुकीचा आहे. आधी कागद ठरवावा, मग दोन्हीकडचे प्रोग्राम लिहावेत. हा क्रम उलटला की कोणतेही मानक वाचवू शकत नाही.

आणि कागद नेमका असला तरी अर्थ निसटू शकतो. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच नाहीसे झाले. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिनच्या प्रोग्रामकडून एक फाइल नासाच्या मार्गदर्शन पथकाकडे जात असे. यानाच्या छोट्या थ्रस्टरांनी किती धक्का दिला याचे आकडे तिच्यात असत. ते आकडे पौंड-सेकंदांत होते. घेणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजले. दोन्ही बाजूंत ठरले होते ते न्यूटन-सेकंदच. प्रत्येक धक्का सुमारे साडेचार पट चुकीचा धरला गेला, चूक महिनोन्‌महिने साचत गेली, आणि यान ठरल्यापेक्षा फार खालून, मंगळाच्या वातावरणात शिरले. फाइल उघडत होती, आकडे वाचता येत होते, कुठेही व्याकरणाची चूक नव्हती. एकक मात्र आकड्याजवळ लिहिलेले नव्हते.

पैशांच्या व्यवहारासाठी आज जगभर जे एक्सएमएल मानक वापरले जाते, त्या आयएसओ २००२२ मध्ये ही चूक करताच येत नाही. रकमेच्या टॅगवर चलन लिहिणे सक्तीचे आहे. ते नसेल तर संदेश दारातच परत जातो. अंकुशी की चांदवडी, हा जुना प्रश्न तिथे प्रत्येक रकमेला विचारला जातो. संदेशाच्या माथ्यावर आत किती व्यवहार आहेत हा आकडा द्यावा लागतो, आणि सगळ्या रकमांची बेरीज देण्याचीही सोय आहे. निम्म्या रकमेच्या दुपटीचे काम ती बेरीज करते.

भारतीय रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस यंत्रणा ऑक्टोबर २०१३ पासून याच मानकावर चालते. देशादेशांमधल्या बँकांचे निरोप नेणाऱ्या स्विफ्टला मात्र तिकडे वळायला उशीर लागला. स्विफ्टचा जुना निरोप टेलेक्सच्या वळणाचा. पैसे घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता यांसाठी त्यात चार ओळी, प्रत्येकी ३५ अक्षरांच्या. ‘सातारा रोड, पुणे’ असा पत्ता आला तर शहर सातारा की पुणे? आपल्याला वाचताक्षणी कळते, पण हजारो निरोप चाळून बंदी घातलेली नावे आणि ठिकाणे शोधणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही. मग निरपराध माणसाचे पैसे चौकशीसाठी अडकून पडतात. नव्या मानकात रस्ता, इमारत, शहर, पिन कोड, देश यांना स्वतंत्र टॅग आहेत.

तरीही स्विफ्टने सगळ्यांना एका दिवसात ओढून नेले नाही. मार्च २०२३ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या, आणि ज्या बँकेला नवा निरोप वाचता येत नव्हता तिच्यासाठी त्याचे जुन्यात भाषांतर करून दिले जाई. असे भाषांतर फुकट होत नाही. मोठ्या भांड्यातले पाणी लहान तांब्यात ओतावे तसे, न मावणारे सांडते: लांब नावे कापली जातात, वेगळे केलेले पत्त्याचे भाग पुन्हा एका ओळीत कोंबले जातात. दुभाषा ठेवून काही काळ काम भागते, पण कायमचे भागवू नये. त्या मुदतीला एक शेवटची तारीख होती, हे मला शहाणपणाचे वाटते.

शेवटची गाठ वेळेची आहे, आणि ती आपण सगळे रोज अनुभवतो. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय सुरू केले. भाजीवाल्याच्या क्यूआरवर पैसे पाठवले की पैसे देणाऱ्याचे अ‍ॅप, दोघांच्या बँका आणि मध्ये बसलेले कॉर्पोरेशन यांच्यात डिजिटल सही केलेले एक्सएमएल कागद ये-जा करतात. पन्नास बँकांनी परस्परांशी थेट जोडणी करायची म्हटली तर १,२२५ जोड्या होतात. इथे प्रत्येकीला मधल्या एकाशीच बोलायचे असते. विनंती पोचली की पलीकडून लगेच येते ती फक्त पोच. खरे उत्तर नंतर, वेगळ्या कागदावर येते. त्यामुळे एक बँक सेकंदभर मंदावली तर बाकीच्या तिच्यासाठी ताटकळत बसत नाहीत.

आणि उत्तर आलेच नाही तर? तर तीच विनंती नव्याने पाठवायची नाही. तसे केले तर पैसे दोनदा जायचे. प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक अद्वितीय क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकाचे काय झाले, एवढेच विचारायचे. पडद्यावर ‘प्रलंबित’ दिसते तेव्हा आत हीच चौकशी चालू असते. पेठ मूळ हुंडीचा हवाला देई, हा चौकशीचा कागद मूळ क्रमांकाचा देतो. म्हणून अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत. तुमचा दुसरा प्रयत्न नव्या क्रमांकाचा, म्हणजे यंत्रणेच्या लेखी नवी हुंडी असते.

सैल जोडणी महाग असते, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक कागद मोठा होतो, प्रत्येक दारात त्याची तपासणी करावी लागते, आणि कोणत्या टॅगचा अर्थ काय हे ठरवायला माणसांना वर्षानुवर्षे बैठका घ्याव्या लागतात. हा खर्च केलेला बरा, असे मला या सगळ्या इतिहासावरून ठामपणे वाटते, कारण यंत्रणा बदलतात आणि कागद उरतात. खर्चाचा एक भाग तर नुसता रिकामी जागा राखण्याचा असतो. तुमचे चेकबुक घ्या आणि त्यावरचा आयएफएससी कोड पाहा. अकरा चिन्हे आहेत. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा चिन्हे शाखेची. मधले पाचवे चिन्ह देशातल्या प्रत्येक शाखेसाठी शून्य आहे. ते पुढे कधीतरी लागेल म्हणून राखून ठेवलेले आहे.